कानशीचं काम

कॉन्स्टंटिन ब्रँकुशीची ओळख करून देणारे बहुतेक लेख एकाच ठिकाणाहून निघतात. साल १९०७, शहर पॅरिस. रुमानियातल्या एका खेड्यातून आलेला, तिशी ओलांडलेला हा शिल्पकार रोदाँच्या कार्यशाळेत मदतनीस म्हणून लागतो आणि महिना-दोन महिन्यांत बाहेर पडतो. मोठ्या झाडाखाली काही वाढत नाही, असं तो म्हणाल्याचं सांगतात. बाहेर पडल्यावर तो मातीचे नमुने करणं हळूहळू सोडतो, चुनखडीच्या दगडाचा एक ठोकळा समोर घेतो आणि त्याला थेट छिन्नी लावून ‘चुंबन’ घडवतो. इथून पुढं गोष्ट आपसूक सरकत जाते. रोदाँ मातीचा, ब्रँकुशी दगडाचा. रोदाँचा संगमरवर इतरांनी कोरलेला, ब्रँकुशीचा स्वतःच्या हातचा. तेव्हा दगड अस्सल, आणि ब्राँझ म्हणजे त्या अस्सलाची विकण्यासाठी काढलेली प्रत. यातले बहुतेक तपशील खरे आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे असं मला वाटतं. ब्रँकुशीच्या हातात छिन्नीइतकीच कानसही होती, आणि तिचं काम छिन्नीच्या नंतरचं, म्हणजे शेवटचं होतं. दगड कोरणं काय किंवा धातू ओतणं काय, दोन्ही त्याच्या लेखी अलीकडचे टप्पे होते. मूर्तीचा निकाल लागायचा तो घासण्यात. एवढं ध्यानात घेतलं की तेच तेच आकार त्यानं दगडात आणि ब्राँझमध्ये पुन्हा पुन्हा का केले, याचा उलगडा होऊ लागतो.

मानाचं पान दगडाला द्यायची सवय जुनी आहे. १५४७ मध्ये बेनेदेत्तो वार्कीला लिहिलेल्या पत्रात मायकेलँजेलोनं सरळ सांगून टाकलं की काढून टाकत जे घडतं ते शिल्प, भर घालत जे घडतं ते चित्रकलेच्या जवळचं. आपल्याकडं तर टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ही म्हणच आहे. वेरूळचं कैलास लेणं माथ्याकडून पायथ्याकडं खोदत आणलं, चुकून जास्त निघालेला दगड परत चिकटवायची सोय नव्हती, हे मराठी घरांत कौतुकानं सांगितलं जातं, आणि ते कौतुक रास्तच आहे. दगड चुकीला क्षमा करत नाही, म्हणून त्याला भिडणाऱ्याची छाती मोठी, असा हा न्याय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये तो जवळजवळ व्रतासारखा पाळला गेला. जेकब एप्स्टाइन, एरिक गिल, त्यांच्या मागून हेन्री मूर आणि बार्बरा हेपवर्थ यांनी दगडाचा स्वभाव ओळखून काम करावं, मधे मातीचा नमुना आणि मापं उतरवणारं पॉइंटिंग मशीन आणू नये, असा आग्रह धरला, आणि ब्रँकुशी या मंडळींचा मूळपुरुष ठरला. गंमत अशी की मूरनं स्वतःच पुढं व्रत सोडलं आणि उत्तरायुष्यात हातात मावणाऱ्या नमुन्यांवरून मोठमोठी ब्राँझं करवून घेतली. आणि हाताच्या खुणांवर विसंबणं किती फसवं असतं, हे पाहायचं तर रोदाँकडंच जावं. त्याच्या ‘चुंबना’तल्या जोडप्याखाली मुद्दाम ठेवलेला खडबडीत दगड पाहून कलावंताची छिन्नी नुकतीच थांबली आहे असं वाटतं. तो मोठा संगमरवर कोरला होता ज्याँ त्युर्काँ या दुसऱ्याच शिल्पकारानं.

मग ब्राँझ कशासाठी? परंपरेनं याची ठरलेली उत्तरं दिली आहेत. ब्राँझ ताण सोसतं, त्यामुळं लांबवलेला हात किंवा उचललेला पाय अधांतरी राहू शकतो; संगमरवराला तिथं टेकू लागतो. ग्रीक ब्राँझ मूर्तींच्या रोमन संगमरवरी नकलांत पायाशी जो झाडाचा बुंधा उगवलेला दिसतो, तो याच गरजेपोटी. शिवाय एका साच्यातून अनेक प्रती निघतात, आणि उन्हापावसात त्या टिकतात. सासवण्याच्या नानासाहेब करमरकरांचा पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ चा. घोडा, स्वार आणि उघड्यावरची जागा म्हटल्यावर ब्राँझशिवाय दुसरा विचार कुणी केला नसता. आता ब्रँकुशीची ‘निद्रिस्त कलादेवी’ पाहावी. १९०९-१० मध्ये ती संगमरवरात झाली आणि लगेच १९१० मध्ये ब्राँझमध्ये. सुमारे २७ सेंटिमीटर लांबीचं, आडवं पडलेलं नुसतं डोकं. अंड्यासारखा आकार, नाकाची एक सरळ रेघ, मिटलेल्या पापण्या, मागं वळलेल्या केसांच्या लाटा. हात नाहीत, पाय नाहीत, धड नाही. ताण घेण्यासारखं तिच्यात काही नाहीच, आणि चौकात उभी करण्याचीही ती वस्तू नव्हे. देहातून अवयव वजा करत करत ब्रँकुशीनं ब्राँझची सगळ्यांत मोठी जमेची बाजू आपल्या हातानं निकामी करून टाकली. तरीही तो ब्राँझकडं परत परत गेला.

तेव्हा कुणी म्हणेल, उरलं ते प्रतींचं, म्हणजे पैशाचं कारण. ते झटकून टाकता येत नाही. जॉन क्विनसारख्या अमेरिकन संग्राहकांच्या खरेदीवर ब्रँकुशीची चूल पेटत होती, आणि एका संगमरवरापेक्षा चार ब्राँझं विकता येणं कुणाला नको असतं? पण नुसत्या प्रतीच काढायच्या असत्या तर त्या एकसारख्या निघाल्या असत्या. ‘कलादेवी’च्या एका ब्राँझवर सोन्याचा वर्ख आहे, दुसरं नुसतंच घासून उजळलेलं आहे. ‘मादमोआझेल पोगानी’च्या १९१३ च्या ब्राँझमध्ये केस काळे ठेवून चेहरा झळाळता केला आहे, म्हणजे एकाच धातूचे दोन धातू केले आहेत. आणि ‘अवकाशातला पक्षी’ तर १९२३ पासून पुढची सतरा-अठरा वर्षं चालूच होता: संगमरवरात सात वेळा, ब्राँझमध्ये नऊ वेळा, दर वेळी उंची आणि बाह्यरेषा थोडी थोडी बदलत. प्रतींचा धंदा करणारा माणूस दर खेपेला पहिल्यापासून सुरुवात करत नाही.

ब्राँझबद्दल ब्रँकुशी जे सर्वांत नेमकं बोलला आहे ते कोर्टाच्या कागदांत सापडतं. १९२६ मध्ये छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनच्या मालकीचा ब्राँझचा पक्षी न्यूयॉर्क बंदरात उतरला, तेव्हा जकात अधिकाऱ्यांना ते शिल्प वाटेना. कलाकृतीला जकात माफ होती. या वस्तूला त्यांनी स्वयंपाकघरातली भांडी आणि इस्पितळातलं सामान यांच्या रांगेत बसवून ४० टक्के जकात लावली. खटला उभा राहिला आणि ब्रँकुशीची जबानी पॅरिसमध्ये नोंदवली गेली. त्यात तो कामाचा क्रम सांगतो. प्लास्टरचा नमुना त्याचा. ओतकाम करणाऱ्याला मिश्रधातूचं प्रमाणही त्यानंच ठरवून दिलेलं. कच्चा पक्षी ओतून आल्यावर हवेची भोकं आणि गाभ्याचं भोक त्यानं बुजवलं, दोष काढले, आणि मग कानशीनं आणि अगदी बारीक एमरीनं सगळा पृष्ठभाग स्वतःच्या हातानं घासला. याला फार वेळ लागतो, हे म्हणजे सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करण्यासारखं आहे, असं तो सांगतो. आणि यात दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, हेही.

पुन्हा पहिल्यापासून, हे कलावंताचं फुगवून सांगणं नव्हे. साच्यातून निघालेलं ब्राँझ चकाकत नसतं. ते काळपट, खरबरीत असतं, साच्याचे कण त्याला चिकटलेले असतात. रस आत नेणाऱ्या आणि हवा बाहेर काढणाऱ्या नळ्यांचे खुंट अंगावर असतात, गाभा जागेवर धरणाऱ्या खिळ्यांची भोकं असतात, आणि निवताना धातू किंचित आकसलेला असतो. एरवीचा शिल्पकार खुंट कापतो, भोकं बुजवतो, त्या जागा शेजारच्या पोताशी जुळवून घेतो आणि रसायनांनी वर तपकिरी किंवा हिरवट रंग चढवतो. हा रंग बऱ्याच चुका पोटात घालतो. आरशासारखं पॉलिश एकही घालत नाही. वळणावर केसभर उंचवटा राहिला तरी तिथं प्रतिबिंब मोडतं. तेवढीच जागा घासायला जावं तर तिथं खळगा पडतो, म्हणून आजूबाजूचं सगळं अंग खाली उतरवावं लागतं, आणि ते उतरवलं की बाह्यरेषाच सरकते. मग ती रेषा दुसऱ्या बाजूनं सांभाळून घ्यायची, पुन्हा उजेडात फिरवून पाहायची. थोडक्यात, घासणारा माणूस दर फेरीला आकार नव्यानं ठरवत असतो. काढून टाकत आकाराला पोचणं हे जे छिन्नी दगडात करते, तेच कानस इथं कणाकणानं करते. मायकेलँजेलोच्या कसोटीला उतरेल असं ब्राँझ शोधायचं तर ते ब्रँकुशीचं.

कोर्टात मात्र चर्चा या बाजूला फारशी वळली नाही. त्याआधी १९१६ च्या एका निकालात शिल्पानं निसर्गातल्या वस्तूचं रूप घेतलं पाहिजे असं ठरलेलं होतं, त्यामुळं हा पक्षी दिसतो का, यावरच साक्षीदारांना छेडण्यात आलं. सरकारी बाजूनं दोन शिल्पकार उभे राहिले आणि ही कला नव्हे म्हणाले. एखाद्या चांगल्या मेकॅनिकनं हे करून दिलं नसतं का, असाही प्रश्न आला. त्यावर ब्रँकुशीच्या बाजूचं उत्तर असं की मेकॅनिक पॉलिश करू शकेल, कल्पना करू शकणार नाही. नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल पक्ष्याच्या बाजूनं लागला. नव्या वळणाच्या कलेबद्दल आपल्याला आस्था असो वा नसो, तिचं अस्तित्व मानलंच पाहिजे, असा न्यायाधीशांचा सूर होता. खटला जिंकला हे चांगलं झालं. पण ज्या उत्तरानं तो जिंकला, त्यानं ब्रँकुशीवर जरा अन्यायच केला असं मला वाटतं. कल्पना कलावंताची आणि हात कुणाचाही चालेल, असा त्याचा अर्थ होतो. आज अनेक नामांकित कलावंत आराखडा कारखान्याला देतात आणि आरशासारखं स्टील तयार होऊन येतं. ती रीत आपल्या जागी रास्त असेलही. ब्रँकुशीची जबानी त्याच्या नेमकी उलट आहे. त्याच्या पक्ष्याची कल्पना घासून पुरी होईपर्यंत पुरी झालेलीच नसते.

यावर जाणकारांचा एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ओतलेल्या धातूवर हात फिरवणं ही काही ब्रँकुशीनं काढलेली युक्ती नव्हे. फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाची घिबेर्तीची सोनेरी दारं १४२५ ते १४५२ एवढा काळ चालली, आणि त्यातली बरीच वर्षं ओतल्यानंतरच्या टाकीकामात गेली. आपल्याकडं मेणाच्या साच्यातून मूर्ती ओतण्याची कृती कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त बाराव्या शतकातच लिहून ठेवलेली आहे; तमिळनाडूत स्वामिमलैचे स्थपती ओतलेल्या मूर्तीवर आजही दिवसेंदिवस छिन्नी चालवतात, आणि दागिने, वस्त्रांच्या चुण्या, बोटांची पेरं तिथं उमटतात. मग ब्रँकुशीचं वेगळं ते काय? फरक दिशेचा आहे. घिबेर्ती आणि स्थपती धातूत तपशील आणत असतात: मेणात होते पण ओतताना बुजले ते, किंवा मेणात मुद्दाम ठेवले नव्हते ते. ब्रँकुशी तपशील नेत असतो. आपल्या देवघरांतले खंडोबाचे, भवानीचे टाक पिढ्यान्‌पिढ्या राखेनं आणि रांगोळीनं घासले जातात, नाकडोळे विरतात, घोडा आणि स्वार यांच्यातली फट बुजते, आणि तरी हा खंडोबा आहे हे घरातलं पोरही सांगतं. ओळख टिकते, नव्हे आटून घट्ट होते. टाकांच्या बाबतीत हे आपोआप घडतं आणि थांबायचं कुठं हे कुणी ठरवलेलं नसतं. ब्रँकुशी ते ठरवतो. पापणीची रेघ अजून राहू द्यायची की तिचा नुसता उंचवटा ठेवायचा, हा निर्णय ‘कलादेवी’पासून ‘नवजात’ आणि पुढं ‘विश्वारंभ’ या निव्वळ अंडाकृतीपर्यंत तो दहा-बारा वर्षं घेत राहिला, आणि त्यातले बरेच निर्णय संगमरवर आणि ब्राँझ अशा दोन्हींत त्यानं तपासून पाहिले.

दोन्हींत का, याचं उत्तर उजेडात आहे. घासण्याची क्रिया एकच, पण दोन पदार्थांत तिचं फळ उलटं येतं. संगमरवर गुळगुळीत झाला की प्रकाश त्याच्या कातडीखाली थोडा शिरतो, आत पसरतो आणि मंद होऊन परत येतो. कडा मवाळ होतात, पण आकार उलट जास्त भरीव आणि मिटलेला वाटतो. ब्राँझ गुळगुळीत झालं की प्रकाशाला आत घेतच नाही. सगळा परत फेकतं, आणि त्याबरोबर खोलीही: खिडकी, छत, बघणाऱ्याचा ताणला गेलेला चेहरा. मूर्ती कुठं संपते आणि भोवताल कुठं सुरू होतो, हे डोळ्याला नीट कळेनासं होतं. ‘मासा’ या शिल्पात हे फार स्वच्छ दिसतं. १९२२ चा मासा संगमरवरी, त्यानंतरचे काही ब्राँझचे, आणि १९३० चा मोठा मासा निळसर करड्या संगमरवराचा: लांबी सुमारे १८० सेंटिमीटर, जाडी जेमतेम १४. डोळा नाही, खवले नाहीत, पर नाहीत. दगडी माशात पाण्याचा भास होतो तो त्या दगडाच्या शिरांमुळं, म्हणजे आतून. ब्राँझचा मासा ब्रँकुशीनं झळाळत्या धातूच्या तबकडीवर ठेवला, त्यामुळं त्याच्या पोटाखाली दुसरा मासा दिसतो आणि दोघांवर खोलीतला उजेड हलत राहतो. तिथं पाणी बाहेरून येतं. ‘लीडा’ संगमरवरात झाली ती स्थिर आहे. ब्राँझमध्ये केली तेव्हा तिच्या तळाची चकचकीत तबकडी त्यानं मोटर लावून संथपणे फिरवली. संगमरवराची लीडा फिरवून फारसं काही हाती लागलं नसतं.

तो स्वतः काढत असलेली छायाचित्रंही हेच सांगतात. मान रेकडून कॅमेऱ्याचं तंत्र शिकल्यावर ब्रँकुशीनं आपल्या मूर्तींचे शेकडो फोटो काढले. धंदेवाईक फोटोग्राफर ज्या चुका टाळायला शिकतो, त्या त्यानं जपल्या. ब्राँझच्या पक्ष्यावर ऊन पडून फोटोत नुसता प्रकाशाचा स्फोट उमटलेला, मूर्तीची अर्धी कड त्यात गडप झालेली, असे फोटो त्यानं ठेवले आणि लोकांना दिले. ब्राँझ हा संगमरवराचा दुय्यम अवतार आहे असं मानणाऱ्या माणसानं असले फोटो फेकून दिले असते.

हे म्हणणं खरं असेल तर ते उलट्या बाजूनंही पडताळता आलं पाहिजे. ज्या आकारात घासण्याला काम नाही, त्याला ब्राँझची ओढ नसावी. ‘चुंबना’कडं पाहावं. ठोकळ्याचा चौकोनीपणा तसाच ठेवलेला, दोन देहांमधली उभी रेघ, एकमेकांना चिकटून एकच झालेले दोन डोळे, अंगावर छिन्नीचा खरबरीतपणा. हे शिल्प त्यानं आयुष्यभर पुन्हा पुन्हा केलं. एक माँपार्नासच्या दफनभूमीत थडग्यावर आहे, एक फिलाडेल्फियात आहे, आणि अखेर तोच नमुना रुमानियात तिर्गू-जिऊच्या दगडी कमानीवर पसरला. प्रत्येक वेळी दगडच. रेघ आणि ठोकळा यांच्यावर उभं असलेलं शिल्प ब्राँझमध्ये गेलं असतं तर ती खरोखरच नुसती प्रत झाली असती. दगडातून ब्राँझमध्ये जा-ये करतात ते बंद, गोलसर, एका अखंड त्वचेचे आकार: डोकं, अंडं, पक्षी, मासा. या आकारांना सामान्यतः ओकचे किंवा चुनखडीचे ओबडधोबड, कुऱ्हाडीच्या खुणा असलेले पायथे दिलेले असतात. खरबरीत काय ठेवायचं आणि घासायचं काय, ही वाटणी त्यानं फार विचारानं केली आहे.

आणि मग इंदूर. १९३० च्या दशकात यशवंतराव होळकर दुसरे यांनी ब्रँकुशीकडून तीन पक्षी घेतले: एक ब्राँझचा, एक पांढऱ्या संगमरवराचा, एक काळ्या. माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेणाऱ्या या तरुण राजाला ब्रँकुशीपर्यंत नेलं ते ऑन्री-पिएर रोशे या फ्रेंच लेखकानं. या तिघांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचं ठरत होतं. अहिल्याबाईंच्या गादीवर बसलेल्या माणसाला देऊळ बांधणं नवं नव्हतं, पण गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी पक्षी, हे होळकरशाहीलाही नवं असावं. बिनखिडक्यांची खोली, जमिनीखालून येणारी वाट, पाण्याचं कुंड, आणि ठरावीक वेळी वरच्या झरोक्यातून ब्राँझच्या पक्ष्यावर पडणारं ऊन, अशी त्या योजनेची वर्णनं मिळतात. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रँकुशी त्यासाठी इंदूरला येऊन राहिला. त्याआधी काही महिने महाराणी संयोगिताबाईंचं निधन झालं होतं. महाराजांची भेटही नीट झाली नाही, आणि मंदिर कागदावरच राहिलं. माझ्या युक्तिवादाच्या दृष्टीनं त्या न झालेल्या खोलीइतका बळकट पुरावा दुसरा नाही. ब्राँझ ही प्रत असती तर मूळ आणि प्रत शेजारी शेजारी उभे करण्यात काय हशील होतं? तीच बाह्यरेषा, तीच घासाई, पण पांढरा दगड उजेड धरून ठेवणारा, काळा तो गिळून टाकणारा आणि ब्राँझ परत फेकणारं. त्यातही झरोक्याचं ऊन ब्राँझला नेमून दिलेलं. पुढं संग्रह फुटला. दोन्ही संगमरवरी पक्षी कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत आणि ब्राँझचा कॅलिफोर्नियात पॅसाडिनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात.

इथं माझी बाजू दोन ठिकाणी सैल पडते, ते सांगायला हवं. संगमरवरी पक्ष्याचा पायाकडचा भाग इतका निमुळता आहे की दगडाचा स्वभाव वगैरे काही तिथं पाळलेला नाही. एवढी उंची एवढ्याशा गळ्यावर तोलणं ही ब्राँझची चाल आहे, दगडाकडून जबरदस्तीनं करून घेतलेली. पदार्थाशी इमान राखणारा साधू म्हणून ज्यांना ब्रँकुशी हवा आहे, त्यांची यात जास्त पंचाईत होते, माझी कमी. पण दोन पदार्थांना त्यानं प्रत्येकाचं आपलं काम दिलं, या माझ्या मांडणीलाही त्यानं थोडी ओढ बसते. दुसरी अडचण मोठी. तिर्गू-जिऊचा १९३८ चा ‘अनंत स्तंभ’, उंची २९ मीटरच्या वर, ओतीव लोखंडाच्या मण्यांचा आहे आणि त्यावर पितळेचा वितळलेला फवारा मारलेला आहे. तो कुणी कानशीनं घासला नाही, घासणं शक्यही नव्हतं, आणि त्याचं सोनेरी अंग काही वर्षांतच काळवंडलं. मला एवढंच म्हणता येतं की या स्तंभात त्वचेचा प्रश्नच नाही. मण्याची प्रमाणं, ४५ सेंटिमीटर कमीत कमी रुंदी, ९० जास्तीत जास्त, १८० उंची, एवढ्यावर सगळं ठरतं, आणि ती प्रमाणं त्यानं १९१८ पासून लाकडात स्वतः कोरून पाहिलेली होती. ‘चुंबना’सारखाच हाही घासण्याच्या कक्षेबाहेरचा आकार आहे. उत्तर अगदी पुरेसं नाही, पण स्तंभासाठी सगळा युक्तिवाद सोडून द्यावा असंही मला वाटत नाही.

या सगळ्याचा एक व्यवहारी परिणाम आहे, आणि तो बऱ्याच लोकांना रुचणार नाही. ब्रँकुशी १९५७ मध्ये वारला. आपली कार्यशाळा, आतल्या सगळ्या कामांसकट, त्यानं फ्रान्स सरकारला देऊन ठेवली होती. त्याच्या मागं त्याच्या प्लास्टरांवरून आणखी ब्राँझं ओतली गेली. फ्रेंच नियमाप्रमाणं एका शिल्पाची आठ अधिक चार अशी बारा ब्राँझं मूळ कलाकृती म्हणून धरता येतात, त्यामुळं कागदोपत्री यात वावगं काही नाही, आणि रोदाँच्या बाबतीत तर मला त्यावर आक्षेपही घ्यावासा वाटत नाही: रोदाँचं काम मातीत संपत होतं, पुढचं सगळं त्याच्या हयातीतही इतरांचे हात करत होते. ब्रँकुशीचं तसं नाही. ओतून आलेला पक्षी म्हणजे त्याच्यासाठी खाणीतून आलेला ठोकळा, आणि त्याच्या पश्चात ओतलेल्या मूर्तीला तो जिथून सुरुवात करायचा तिथूनच दुसऱ्या कुणीतरी घासलेलं आहे. कितीही सफाईनं घासलेलं असो, वळण कुठं उतरवायचं आणि कुठं थांबायचं हे त्या दुसऱ्या माणसानं ठरवलेलं आहे. संग्रहालयातल्या पाटीवर ओतशाळेचं नाव आणि ओतल्याचं साल छापतात. अशा मूर्तींच्या पाटीवर ती कुणी घासली हेही छापावं.